रोबोता आणि बेचाळीस पोरं

पन्नाशीच्या माणसाला कुणी 'पोर' म्हटलं की मला आजही संताप येतो. पंचाहत्तरी गाठली, गुडघे गेले, हा राग मात्र गेला नाही.

१९९१ च्या फेब्रुवारीत, आखाती युद्ध चालू असताना, आम्ही सौदीतल्या हफ्र अल बातिनला होतो. लष्कराचे कपडे धुणारी एक मोठी लॉन्ड्री होती. माझे मिस्टर ताजुद्दीन तिथे मेकॅनिक आणि मी प्रथमोपचाराच्या खोलीत नर्स. धुणारे, इस्त्री करणारे मिळून बेचाळीस जण, बहुतेक रत्नागिरी-रायगडकडचे. सगळ्यांचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आम्हाला आणणाऱ्या अरब मालकाच्या तिजोरीत. मॅनेजर वहाबभाई आपलाच माणूस, श्रीवर्धनचा. तो या सगळ्यांना 'पोरं' म्हणायचा. इस्त्रीवाला गफूर तेव्हा चौपन्न वर्षांचा होता, तीन नातवंडांचा आजोबा. तोही पोरच.

चेकोस्लोव्हाकियाची एक तुकडी जवळच होती, विषारी वायूपासून बचाव करणारी. त्यांचे कपडे न्यायला मिलान नावाचा स्लोव्हाक ड्रायव्हर यायचा. गफूरने त्याच्याकडून 'रोबोता' हा शब्द उचलला होता. मिलान दिसला की गफूर कपड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून "रोबोता, रोबोता" म्हणायचा आणि दोघं हसायचे.

त्यांचे डॉक्टर झ्देनेक एकदा माझी खोली वायूबंद करायला आले. ते चेक. गफूरचं बोलणं ऐकून ते हसले नाहीत. खिडकीला प्लास्टिक चिकटवता चिकटवता मोडक्या इंग्रजीत मला सांगू लागले. स्लोव्हाक, पोलिश, युक्रेनी लोकांत रोबोता म्हणजे साधं काम. आमच्या चेकमध्ये मात्र जमीनदाराच्या शेतावर कुळांनी फुकट करायचं काम, वेठ. सर्बियात नि बल्गेरियात त्याच मुळाचा शब्द गुलामासाठी. आणखी मागे गेलं तर त्याचं नातं पोरक्या मुलाशी लागतं. रशियन लोकांचा मुलासाठीचा शब्दही तिथूनच आला. तुमच्या संस्कृतातही त्याचं भावंड आहे म्हणतात, ते म्हणाले. ते 'अर्भक' असल्याचं मला पुढे कळलं. सौदीला येण्याआधी रत्नागिरीच्या प्रसूती वॉर्डात हा शब्द मी रोज लिहीत होते.

म्हणजे आधी पोरकं मूल, मग गुलाम, मग काम. ज्याच्या मागे कुणी उभं नाही त्याला जुंपायचं. मी विचारलं, शब्द असा बनतो? डॉक्टर म्हणाले, "शब्द काही करत नाही, सिस्टर. माणसं करतात."

वहाबभाईचा नियम ठरला होता. मिसाइलचा भोंगा वाजला की त्याच्यासकट ऑफिसचे नऊ जण आणि आम्ही दोघं प्रथमोपचाराच्या या खोलीत. मशीनं मात्र चालू राहणार. बाकीच्यांनी कुठे जायचं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "एवढ्याशा खोलीत किती कोंबणार, बाय? पोरांना ओले टॉवेल दे, झालं." घरी मिस्टरांनीही मला गप्प राहायला सांगितलं. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, वहाबभाईच्याच हातात.

एका दुपारी भोंगा वाजला. आम्ही आत गेलो. वहाबभाई म्हणाला, दाराला टेप लाव. काचेतून समोर गफूर दिसत होता, तोंडाला टॉवेल बांधून प्रेस दाबणारा. माझ्या हातून टेप लागेना. मी दार उघडलं आणि सगळ्यांना आत यायला सांगितलं.

कुणी हललं नाही. बेचाळीस माणसं वहाबभाईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला.

तेवढ्यात मिस्टर उठले. माझ्या शेजारून बाहेर गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. मशीनं थांबली, वाफ बसली. मग माणसं आली. दहा खुर्च्यांच्या खोलीत आम्ही त्रेपन्न जण, श्वासाला श्वास लागलेला.

"दार उघडं ठेवून आम्हाला मारणार होतीस तू," वहाबभाई म्हणाला.

"मग तुम्ही बाहेर थांबा, वहाबभाई," मी म्हटलं. "टॉवेल ओला करून देते."

गफूर खाली बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

मिसाइल दुसरीकडे पडलं. महिनाभरात आम्हा दोघांच्या पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का बसला. कारण लिहिलं होतं, काम बंद पाडलं.

वायू नव्हताच, उगीच नोकरी घालवलीत, असं लोक अजून म्हणतात. पण बेचाळीस जणांना बाहेर ठेवून मला दाराला टेप लावायला सांगताना, वायू नाही हे वहाबभाईला तरी कुठे ठाऊक होतं?