चव्वेचाळीसातले नऊ

चाकणच्या त्या कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तयार व्हायचे आणि शेवटच्या तपासणीच्या टेबलावर दोन माणसं बसायची. एक धम्मरत्न, पिंपळे गुरवचा. दुसरा रविराज, मूळचा बीडकडचा, आळंदीत भाड्याने राहणारा. अकरा वर्षांपूर्वी दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते. यंदा मार्चमध्ये तपासणीसाठी कॅमेऱ्याचं मशीन आलं. या दोघांना जेवढे भाग बघायला अख्खी शिफ्ट लागायची, तेवढे ते तासाभरात बघून मोकळं व्हायचं.

एचआरच्या मॅडमनी दोघांना एकत्रच बोलावलं. मशीनवर आता एकच माणूस लागणार होता. दोघांची नोकरी सारखी, हजेरी सारखी, तेव्हा शुक्रवारपर्यंत तुम्हीच एक नाव ठरवून सांगा, असं त्या म्हणाल्या. नाव आलं नाही तर निर्णय वरून होईल, आणि वरून कदाचित दोघांनाही कमी करून ठेकेदाराचा माणूस बसवतील. हे सांगताना त्या दोनदा पाणी प्यायल्या. असं काही ऐकलं की माणसाला हातातलं काम सुचत नाही, असं धम्मरत्न ऐकून होता. त्याला तसं काहीच झालं नाही. तो टेबलाशी परत आला, पुढचा भाग उचलला आणि त्याच्या भोकाचा व्यास मोजला. व्यास बरोबर होता.

तीन दिवस दोघं त्यावर बोलले नाहीत. रविराजच्या दोन मुली शाळेत जात होत्या, बायको घरीच असायची. धम्मरत्नची बायको दीक्षा एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच कुणी ते बोलून दाखवलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ते पोकर खेळायचे, शेंगदाणे लावून. धम्मरत्न मोबाइलवर बघून शिकला होता आणि त्यानेच रविराजला शिकवलं होतं. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये दोघांचे मिळून पाच, आणि या सातांतून ज्याचे पाच भारी जमतील तो जिंकला. कुठले पत्ते दिसले, किती उरले, उरलेल्यांतले किती आपल्या कामाचे, हे धम्मरत्न वरण-भात कालवता कालवता सांगायचा. शंभरात किती भाग खराब निघतील याचा अंदाज बांधणं हेच त्याचं काम होतं, त्यामुळे त्याला त्यात विशेष वाटायचं नाही.

गुरुवारी रविराज म्हणाला, एक डाव खेळून ठरवू, जिंकेल तो राहील. लावायचं काही नाही, मध्येच डाव सोडायचा नाही, सगळे पत्ते उघडे. धम्मरत्नने सांगितलं की मग यात खेळ असा काही उरत नाही, नाणं उडवल्यासारखंच झालं. रविराजने मान हलवली. नाणं एका झटक्यात पडतं, म्हणाला, माझ्याच्यानं तेवढ्या झटक्यात व्हायचं नाही.

पत्ते वाटायला त्यांनी कँटीनच्या विमलबाईंना बसवलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. विमलबाईंनी पदराला हात पुसले, कॅट पिसला आणि सांगितलं तसे पत्ते टाकले. धम्मरत्नला दोन राजे आले, बदामचा आणि किलवरचा. रविराजला इस्पिकची नव्वी आणि सत्ती. धम्मरत्नच्या डोक्यात आकडा आपोआप आला. आपले जिंकायचे जवळपास ऐंशी टक्के.

विमलबाईंनी मध्ये तीन पत्ते मांडले. इस्पिकची राणी, चौकटची तिर्री, इस्पिकची चौकी. आता रविराजकडे चार इस्पिक झाले होते. पाचवा आला की पाचही पत्ते इस्पिकचे होणार होते आणि राजांची जोडी त्यांच्यापुढे टिकणार नव्हती. चौथा पत्ता पडला, किलवरची दुर्री. तिचा कुणालाच उपयोग नव्हता.

“माझे किती?” रविराजने विचारलं.

धम्मरत्नला खोटं सांगता आलं असतं, पण कशाला सांगायचं तेही त्याला सुचलं नाही. न दिसलेले चव्वेचाळीस पत्ते, त्यांत इस्पिक नऊ. “वीस टक्के. अर्धा जास्त,” तो म्हणाला.

रविराज पत्त्यांकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःचे दोन्ही पत्ते पालथे केले. “जाऊ दे भावा. तू कधी चुकत नाहीस. मी उठतो, तू राहा. मॅडमला मी सांगतो.”

विमलबाई दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. रविराज खरोखरच उठला होता, त्याने डबासुद्धा हातात घेतला होता. धम्मरत्नने नुसतं हो म्हणायचं होतं.

“बस,” तो म्हणाला. “पत्ता पडू दे.”

रविराज बसला. विमलबाईंनी शेवटचा पत्ता उलटला. इस्पिकची पंजी.

मग रविराज म्हणाला की हा डाव धरायचा नाही, पुन्हा खेळू. धम्मरत्न नको म्हणाला. कोण जिंकलं, असं विमलबाईंनी विचारलं तेव्हा त्याने रविराजकडे बोट दाखवलं आणि त्या कौतुकाने हसल्या. सुट्टी संपायच्या आत तो मॅडमकडे जाऊन रविराजचं नाव सांगून आला.

संध्याकाळी घरी त्याने दीक्षाला सगळं सांगितलं, फक्त रविराज उठला होता तेवढं सोडून. ती भाजी निवडत होती. तिने आवाज चढवला नाही.

“पत्त्यांवर ठरवलंत? आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत?”

“नाही विचारलं.”

त्या रात्री ती सासऱ्यांना वाढून, त्यांच्या डोळ्यांत औषध घालून, स्वतः न जेवता झोपली. धम्मरत्न जेवला. भाजीत मीठ कमी होतं, ते त्याच्या लक्षात आलं.

महिनाभराने त्याला भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तिथे मोजमापाला माणूस नव्हताच, तो पडेल ते करायचा. त्याच सुमारास एका रविवारी रविराज घरी आला. चहा पिताना त्याने दीक्षाला सांगून टाकलं. वहिनी, मी उठलो होतो, यानेच मला बसवलं. हे पोटात ठेवून मशीनसमोर बसवत नाही, म्हणाला. दीक्षाने त्याला थोडा चिवडा खायला लावला. रिक्षापर्यंत धम्मरत्न त्याच्याबरोबर चालत गेला. परत आला तेव्हा ती दारातच उभी होती.

“का बसवलंत त्याला?”

धम्मरत्नने खरंच विचार केला. “तो मी सांगितलेल्या आकड्यावर उठत होता. पत्ता तर अजून पडायचा होता.”

“आणि आता? काही वाटतं का तुम्हाला?”

“अजून नाही.”

मग ती बाजूला झाली आणि त्याला आत येऊ दिलं. बाबांच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली होती. तिने बाटली त्याच्या हातात दिली.