तीननंतरचा चेहरा

मी बाक बोलतोय. बागेतला नव्हे हो, पियानोपुढचा. शिसवी पाय, वर चामड्याची गादी आणि पाठ टेकायला काहीही नाही. माझ्यावर कुणी रेलायचं नाही, हे सुतारानंच ठरवून टाकलेलं.

माझा मालक बारा वर्षं माझ्यावर बसून पियानो वाजवायचा. हॉटेलांत, शाळांच्या कार्यक्रमांत. हात चांगला होता त्याचा. मग वडील गेले आणि त्यांचं वाद्यांचं दुकान ताईच्या गळ्यात पडलं. "एकटीनं कसं रेटू?" ती म्हणाली. हा मदतीला गेला आणि त्याच्यामागोमाग मीही काउंटरमागे जाऊन बसलो.

आठ वर्षं धंदा बरा चालला, पण याचं लक्ष भलतीकडेच. गिऱ्हाईक व्हायोलिन हातात घ्यायचं आणि हा किंमत सांगायची सोडून त्याच्या बोटांवरचा उजेड बघत बसायचा. शेवटी कॅमेरा आला. एकदा जेवताना यानं सांगून टाकलं, "ताई, मला आता फोटोच काढायचेत. लोकांनी थांबून बघावेत असे."

ताईनं हातातला घास संपवला. "वर्षभर बघ करून. कुठल्या कलादालनानं प्रदर्शन लावलं तर तू सुटलास. नाहीतर मुकाट्यानं दुकानात यायचं."

दुकानावरच्या गोदामात स्टुडिओ थाटला, फोटोला येणाऱ्यांना बसायला मला वर नेलं आणि तिथे याची जुनी खोड नडली. फोटोवाले तीनपर्यंत मोजतात. हा पडला वाजवणारा, चार मोजल्याशिवाय याचं बोट हलायचं नाही. तीनपर्यंत माणसं हसू ताणून बसायची. तीन झाले की, संपलं बुवा एकदाचं, म्हणून सैल पडायची आणि हा नेमकं तेव्हाच बटण दाबायचा! मला आधीच कळायचं, अंगावरचं वजन बदलायचं ना. एक वकीलसाहेब तर "हा मी नव्हेच" म्हणून तणतणत निघून गेले.

पण हा तेच फोटो पुन्हा पुन्हा बघायचा. "माणूस इथेच सापडतो," असं पुटपुटायचा. मला पटत होतं, पण मला विचारतो कोण? एका कलादालनाच्या बाई येऊन बघून गेल्या. "कळवते" म्हणाल्या. ठरलेलं वर्ष उलटलं, तरी काही कळवलं नाही.

मग ताईच आली, त्याला न्यायला. दुकानाच्या किल्ल्या हातातच होत्या. "माझा एक काढ आणि आवर आता," म्हणत माझ्यावर बसली. ताठ, काउंटरला बसते तशी. एक, दोन, तीन. चारला ती अशी काही सैल पडली की मलाच भरून आलं. एवढा भार ही बाई रोज कुठे लपवत होती कोण जाणे.

फोटो तिनं खूप वेळ बघितला.

"इतकी दमलेय मी?"

"हो गं ताई."

तिनं डोळे पुसले. "दुकानात दोन माणसं ठेवते. एक तुझ्या जागी, एक अधूनमधून माझ्या जागी. तू इथेच राहा. आणि हा त्या बाईंना दाखव."

बाईंनी तो बघून प्रदर्शन लावलं, पण ते नंतरचं. हा सुटला तो त्याच दुपारी.

आता माझी गादी दबलीय, एक पाय करकरतो. तक्रार नाही, मजेत आहे मी. तुम्हीही या कधीतरी, बसा घटकाभर. गुरुवारची दुपार तेवढी सोडा. तेव्हा ताई येते. फोटो वगैरे काही नाही, नुसती बसते.