खुबा, शिडी आणि बारा हार्वेस्टर

"वैनी पडली!" ऑरिन ट्वेट धान्यकोठारातल्या कॉफीच्या टेबलावर टोपी आपटत ओरडला. "सैपाकघरात उताणी पडलीय. या डोळ्यांनी बघून आलो."

"मग उचललीस का न्हाई?" मी विचारलं.

"गेलो उचलाया, तर म्हनली चालता हो. डोस्कंबी फिरलंय."

आम्ही सगळे हळहळलो. हळहळण्यात आमच्या गावाचा हात अख्ख्या नॉर्थ डकोटात कुणी धरणार नाही.

खरं काय ते ऐका. मार्लिस ट्वेट ही ऑरिनच्या वारलेल्या भावाची बायको, वय सदुसष्ट. पेरणी उरकून मे महिन्यात तिनं डावा खुबा बदलून घेतला. सांधा डॉक्टरनं बसवला, पण त्याच्याभोवतीच्या मांसात जीव आणायचं काम तिचं तिलाच करायचं होतं. व्यायाम शिकवणारी डानिका सत्तर मैलांवर मायनॉटला बसायची. नेऊन सोडायला कुणाला सवड नाही, म्हणून शिकवणं फोनच्या पडद्यावरून चालायचं. उताणं झोपायचं, गुडघे मुडपायचे, कुल्ले आवळून कंबर उचलायची आणि पाच मोजेपर्यंत धरायची. असं दहा वेळा. मार्लिसनं पहिल्याच दिवशी चाळीस केले आणि दोन दिवस कण्हत बसली.

"दहा म्हणजे दहा, मावशी," डानिका खवळली. "शेतात खत ओतताय का?"

मग बेसिनला धरून पाय बाजूला उचलणं. खिडकीतून ते बघून आमच्या बाया म्हणाल्या, "अगं बाई, कुत्रं खांबाला लागल्यावानी!" मीही पोट धरून हसलो. रबरी पट्टा तिनं टायरची जुनी ट्यूब कापून केला. शेवटी लाकडी खोक्यावर चढउतार, मग खोक्यावर खोकं. कारण हार्वेस्टरच्या शिडीची पहिली पायरी तिच्या गुडघ्याएवढी उंच, आणि तीच चढता आली नाही तर सगळा खेळ खलास. तिच्या सहाशे एकरांवर ऑरिनचा डोळा होता. त्याच्या कटकटीला वैतागून ती एकदा पाद्रीबाबांसमोर बोलून बसली होती, "यंदाचा गहू माझ्या हातानं कापला न्हाई, तर तुला जमीन खंडानं दिली."

तर ऑरिन दार ढकलून आत गेला तेव्हा बाई जमिनीवर कंबर उचलून पाच मोजत होती. त्याला ती खरंच पडलेली वाटली, की त्यानं तसं वाटून घेतलं, हे त्यालाच ठाऊक.

आमच्याकडं रीत आहे, कुणी अंथरुणाला खिळलं की त्याचं पीक शेजारी कापून देतात. रीत चांगली आहे. ऑरिननं त्या रितीचाच विळा केला. मंगळवारी दव सुकताच बारा हार्वेस्टर मार्लिसच्या बांधावर ओळीनं उभे. ज्यांना तीन महिन्यांत तिला मायनॉटला न्यायला जमलं नाही, तेच आम्ही बारा. सोबत ॲपल पाय, बटाट्याचं सॅलड आणि पेपरवाला.

मार्लिस तिच्या जुन्या हार्वेस्टरच्या शिडीला धरून उभी होती.

"वैनी, बाजूला व्हा. आमी हाय न्हवं!"

"तू हायस म्हनूनच चढतेय."

"अवो, पडाल!"

"परवा पडलेच हुते की. तूच गावभर सांगितलंस."

चांगला पाय आधी. मग डावा, ओढत, वर. दुसरी पायरी. तिसरीवर डावा पाय थरथरायला लागला. ऑरिननं खालून हात पुढं केला.

"हात काढ, मुडद्या. तुज्या अंगावर पडले तर तुजाबी खुबा बदलाया लागंल."

चढली. दार लावलं. इंजिन खोकलं, पातं फिरलं, गहू आडवा होऊ लागला. आम्ही उन्हात उभं राहून ॲपल पाय संपवला. मग पेपरवाला म्हणाला, आलोच आहे तर एक फोटो होऊ द्या.

गुरुवारी पेपरात छापून आलं: शेजाऱ्यांनी पडलेल्या विधवेचं पीक वाचवलं. आम्ही बारा जण हाताची घडी घालून उभे, डावीकडून तिसरा मी. पेपरला पत्र टाकून खरं सांगावं असं एकालाही वाटलं नाही. मलाही नाही.

ऑरिन तो पेपर आणि खंडाचा कागद घेऊन तिच्या शेतात गेला. मी धान्याचा ट्रक लावून तिथंच उभा होतो. लाज वाटली म्हणून आलो होतो, दुसरं काय.

"छापून आलंय, वैनी! गहू शेजाऱ्यांनी कापला. आता खाली या, सही करा."

मार्लिसनं दार उघडलं. "मी कामात हाय. सही पायजे तर वर ये."

ऑरिननं शिडीकडं पाहिलं. त्याचा हार्वेस्टर पाच वर्षं जावईच चालवतो. कागद दातात धरून त्यानं दोन्ही हातांनी दांडा पकडला, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, कण्हला, पुन्हा जोर केला. ढुंगण काही वर जाईना.

वरून मार्लिसनं पूर्ण एक मिनिट वाट बघितली.

"व्हय रं," ती म्हणाली, "उतर आता. गव्हाचा अजून एक पट्टा कापायचा ऱ्हायलाय माझा."