कुवेतला न उगवणारा तारा

सन २०१९. मेचा शेवटचा आठवडा, रमजानचे दिवस. बोर्ली पंचतनजवळच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे, फार वर नाही, जो ठळक पिवळट तारा दिसत होता तो मी. माझं नाव मित्र.

डोळ्यांना मी एक दिसतो. आहोत दोघे. मी आणि माझा सोबती एकमेकांभोवती फिरतो. एका फेरीला ऐंशी वर्षं लागतात. वाट लांबट आहे. जवळ येतो तेव्हाही आमच्यात, सूर्यापासून शनी आहे त्याहून जास्तच अंतर असतं. लांब जातो तेव्हा नेपच्यूनलाही मागे टाकतो. भेटता येत नाही, सोडून जाता येत नाही. तक्रार करायची आम्हाला सवय नाही.

मी तुमच्या सूर्याहून थोरला. शेजारीच म्हणायचा, तरी तुमच्याकडचं मला दिसायला चार वर्षांहून जास्त लागतात. मी पाहतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. हात घालायला जागाच नसते. इतक्या लांबून ऐकू कसं येतं, ते विचारू नका.

सिराजुद्दीन जन्मला त्या सुमारास आम्ही दोघे जवळ आलो होतो. त्याची सगळी उमर मालाच्या गलबतावर गेली. मुलगा तबरेज ड्रायव्हर म्हणून कुवेतला निघाला, तेव्हा बापाने त्याला धक्क्यावर नेऊन मला दाखवलं. "घरची आठवण आली की याला बघ. मीही इथून बघत असेन."

मेच्या सुरुवातीला पोराचा फोन आला. "अब्बा, तो दिसत नाही. रोज गच्चीवर जातो मी."

"एवढा मोठा तारा दिसत नाही? मान वर करायला फुरसत नसेल तुला."

"अल्लाकसम, अब्बा."

"तारा न बघितल्याची कसम खातोस?"

त्या दिवसापासून बाप मुलाशी बोलेना. रोज संध्याकाळी फोन यायचा. महेरुन्निसा, सिराजुद्दीनची बायको, तो नवऱ्याच्या कानाशी धरायची. पोरगा सलाम करायचा. हा तोंड फिरवायचा. सलामाचं उत्तर देणं वाजिब. दिलं नाही तर ते अंगावर राहतं. महिनाभर ते त्याच्या अंगावर साठत गेलं. तिकडे पोराचा आवाज रोज बारीक होत गेला.

पोरगा खोटं बोलत नव्हता. कुवेत इतकं उत्तरेला आहे की तिथे मी जमिनीच्या वर येतच नाही. वीतभर सरकता आलं असतं तर सरकलो असतो. माझी जागा ठरलेली. एवढा मोठा आगीचा गोळा मी, आणि एका घरातला अबोला मला मोडता येईना.

एका संध्याकाळी सिराजुद्दीन धक्क्यावर माझ्याकडे बघत बसला होता. गलबतावरचा त्याचा जुना सोबती गुणाजी कोळी येऊन शेजारी टेकला.

"काय रं सिराज, वहिनी सांगत व्हती, पोराच्या सलामालाबी उत्तर देत न्हाईस. मग रोजे कसले धरतोस?"

"त्याला तारा दिसत नाही म्हणे."

"आपण कच्छच्या मांडवीला जायचो, तवा ह्यो कुठं असायचा?"

"खाली. इथल्या निम्म्यावर."

"आन् कुवेत मांडवीच्या कुठल्या अंगाला?"

"पश्चिमेला. पण उत्तरेकडे पुष्कळ वर."

"मग बुडाला की तुझा तारा! पोरानं काय बुडी मारून बघायचा?"

गुणाजी हसला. सिराजुद्दीन हसला नाही. तो उठला, चपला हातात घेऊन तसाच घरी गेला. महेरुन्निसा भांडी आवरत होती.

"फोन लाव."

"कुणाला?"

"लाव म्हणतो ना."

तिने लावला. पलीकडून तबरेज नेहमीसारखाच म्हणाला, "अस्सलामु अलैकुम, अब्बा." आणि उत्तराची वाट न बघता अम्मीची खुशाली विचारू लागला.

सिराजुद्दीनने फोन आपल्या हातात घेतला.

"व अलैकुम अस्सलाम, बेटा."