वेल्डरकाकांचा जाळीदार चेहरा

मी जाळीचा मुखवटा बोलतोय. नाटकातला नव्हे, ते कुणाच्याही तोंडावर बसतात. मी एकाच माणसाचा. जन्मलो तेव्हा मी प्लास्टिकचा सपाट, भोकाभोकांचा तुकडा होतो. गरम पाण्यात घातल्यावर असा काही नरम पडलो, की त्या क्षणी माझ्यातून हत्तीचंसुद्धा तोंड निघालं असतं. निघाले वेल्डरकाका.

काकांच्या घशात कॅन्सरची गाठ होती. उपचाराचे किरण नेमके तिच्यावरच पडावेत म्हणून डोकं हलू द्यायचं नाही, हे माझं काम. साचा घेतला तेव्हा काका खूश होते. "वा, गरम टॉवेल!" म्हणाले आणि घोरायला लागले. मी त्यांच्या नाकावर बसल्या बसल्या कडक झालो.

उपचाराच्या पहिल्या दिवशी मात्र मी थंडगार आणि टणक होतो. काकांना विसरण्याचा आजार. आधीची भेट पार पुसून गेलेली. मशीनवरच्या ताईने मला त्यांच्या तोंडावर बसवून पलंगाला खटके लावले, आणि काकांनी अशी बोंब ठोकली की शेजारच्या इमारतीतली लिफ्ट घाबरून वरच्या मजल्यावर पळाली. खोटं वाटत असेल तर लिफ्टला विचारा.

"सोडा मला! कोण तुम्ही?"

"काका, मघाशी सांगितलं ना..."

"मला कुणी काही सांगितलेलं नाही!"

त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.

डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेतलं. "रोज भूल देणं या वयात धोक्याचं. असेच हलत राहिले तर थांबवावं लागेल. मग गाठ वाढेल, घास उतरायचा नाही."

काकूंनी मला उचलून उलटसुलट पाहिलं. "ताई, हा तुम्ही लावू नका. त्यांच्या हातात द्या. जन्मभर वेल्डिंग केलंय त्यांनी. स्वतःचा मुखवटा दुसऱ्याने चढवलेला त्यांना कधीच खपला नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला हातात घेऊन ठोकून पाहिलं, भोकांत बोटं घातली.

"काच कुठंय याची?"

"याला काच नसते, काका. डोळे मिटायचे."

"हलका माल," असं म्हणून त्यांनी मला आपणहून तोंडावर घेतलं. खटके लागले. काका गप्प! मशीन गुणगुणायला लागलं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

कसलं काय! मशीन एका बाजूने किरण सोडतं, थांबतं, फिरतं, मग दुसऱ्या बाजूने सोडतं. आवाज थांबला की काकांना वाटे, वेल्डिंगचा टाका संपला. आता झटक्यात मुखवटा वर करून जोड बघायचा. त्या सवयीने त्यांनी मान अशी उसळवली, की माझे सांधे करकरले.

बाहेर पडद्यावर बघणाऱ्या ताईने कपाळावर हात मारला. काकूंनी माइक ओढला. बायको म्हणून हाक मारण्यात अर्थ नव्हता. कित्येक महिने काका त्यांना कारखान्यातली हेल्पर समजत होते. काकूंनी ती नोकरी पत्करली.

"मिस्त्री! जोड अजून लाल आहे. वर करू नका!"

काका जागच्या जागी थिजले. "थंड झाला की सांग," दातांतल्या दातांत पुटपुटले.

"सांगते."

मग रोज मशीन थांबलं की काकू बोलायच्या. जोडाबद्दल, कामचुकार पोरांबद्दल, मालकाबद्दल. त्या मालकाला त्यांनी इतकं झोडपलं, की तो जिथे असेल तिथे त्याला उचकी लागली असणार. पण काका हलले नाहीत. उपचार पुरे झाले.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात खुंटीवर असतो. काका कुरकुरत, सावकाश का होईना, घास गिळतात. साचा घेतला तेव्हाचे भरलेले गाल त्यांच्याकडे उरले नाहीत. ते मी सांभाळलेत. माझं एवढंच मागणं: असे काका तुमच्या मशीनच्या पलंगावर आले तर मुखवटा आधी त्यांच्या हाती द्या. "मघाशीच सांगितलं" म्हणू नका. पुन्हा सांगा.

परवा काकूंनी दूध तापवायला गॅस पेटवला. निळी ज्योत दिसताच काका लगबगीने उठले आणि मला काढून काकूंच्या चेहऱ्यासमोर धरलं.

"तुला मुखवटा दिला नाही? मालक एक नंबरचा चिंगूस. घे माझा. डोळे जातील, बाई."

काकूंनी मला बाजूला सारलं नाही. नवऱ्याच्या नाकात नाक आणि गालांत गाल घालून, माझ्या भोकांतून त्यांच्याकडे बघत त्या तशाच उभ्या राहिल्या, पार दूध उतू जाईपर्यंत.