कडू भाजीचं बी

पाहुण्याला काम सांगू नये, हे केनियातल्या आमच्या मारागोली माणसाला पाळण्यात असल्यापासून कळतं. मलाही कळत होतं. तरी मर्लच्या हातात कुदळ मीच दिली.

मर्ल अमेरिकेहून आलेल्या चर्चच्या मंडळींपैकी एक. सात जण होते. सकाळी शाळेच्या भिंती रंगवायच्या, दुपारी एकेकाने एकेका घरी जेवायचं आणि त्या घरासाठी प्रार्थना करायची, असा पास्टर अमियानींनी बेत आखलेला. आमच्या वाट्याला मर्ल आला. वय सत्तर, तिकडे स्वतःची मक्याची शेती, आणि पायाला भिंगरी. खुर्चीवर बसवला की उठायचा. गाय बघून आला, केळीत फिरून आला, मग चुलीपाशी येऊन माझ्या डोक्यावर उभा राहिला. "मला काहीतरी काम दे ना."

मी शाळेत शिकवते, इंग्रजी येतं, म्हणून त्या दिवशी दुभाषी मी, स्वयंपाकीण मी आणि त्याची राखणदारही मीच. कोंबडी अजून सोलायची होती. म्हटलं, "जा बाबा, मक्यातलं तण काढ." पीडा टळली म्हणून मी खूश.

तासाभराने तो घामाघूम होऊन, हसत परत आला. "बघ, कसं स्वच्छ केलंय! उपटलेलं सगळं गाईला घातलं."

मी मक्याकडे पाहिलं. शेवटच्या दोन ओळींमधली त्सिसागा गेली होती. ही आमची कडू पानांची भाजी. न जाणणाऱ्याला ती तणासारखीच दिसते. तिचं बी माझ्या सासूबाईंनी लग्नात माहेराहून आणलेलं. गेल्या वर्षी बियाण्याच्या मडक्यात ओल शिरली आणि जवळजवळ सगळं कुजलं. वाचलेलं चिमूटभर बी या पेरणीला टाकलं होतं. रोपांना शेंगा धरल्या होत्या, आठवडाभरात त्या वाळल्या असत्या. आता त्या गाईच्या पोटात होत्या, आणि घरात बियाचा एक दाणा उरला नव्हता.

सासूबाई, म्हणजे आमच्या कागेहाआई, दारात उभ्या होत्या. त्यांनी मका पाहिला, गाय पाहिली, मग मला पाहिलं.

"कुदळ कुणी दिली?"

"मी."

"शहाणीच आहेस! पोरांना हेच शिकवतेस का शाळेत?"

"थांबा, आत्ता सांगते त्याला. एवढा शेतकरी म्हणवतो आणि..."

"खबरदार! अजून घास नाही उतरला त्याच्या पोटात. उपाशी माणसाला कुणी त्याची चूक सांगतं? हातावर पाणी घाल त्याच्या."

घातलं पाणी. मक्याच्या पिठाची उगाली वाढली, कोंबडीचे चांगले तुकडे त्याच्याच ताटात वाढले. तो बोटं चाटत जेवला. आईंच्या माहेरची तेवढी एकच गोष्ट राहिली होती, आणि ती माझ्या आळसापायी गेली होती.

जेवण झाल्यावर मर्लने टोपी काढली. "आईंना विचार, त्यांच्यासाठी देवाकडे काय मागू?"

लोक गुडघेदुखी सांगतात, मुलाची नोकरी सांगतात. आई शांतपणे म्हणाल्या, "सांग त्याला, माझं एक बी संपलंय. ते परत मिळू दे."

मी सांगितलं. त्याने आईंचे हात हातात घेतले आणि डोळे मिटून त्या बियासाठी प्रार्थना केली. अगदी मनापासून, नातवाच्या आजारपणात करावी तशी. मला हसूही येत होतं आणि रागाने कानही तापले होते. आईंनी मात्र खणखणीत आमेन म्हटलं.

पण प्रार्थना संपली तरी माणूस मुळात शेतकरी. म्हणाला, "हे बी त्यांनी कधी कुणाला दिलं असेल ना? मग त्यांच्याकडून आणायचं."

मी विचारलं. आईंनी कुंपणाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दिलं होतं, साऱ्या टेकडीला दिलं होतं. पण लोक आता कोबी लावतात. त्सिसागा राहिली होती एकाच घरी, कुंपणापलीकडे, आईंना अक्का म्हणणाऱ्या त्यांच्या धाकट्या जावेकडे. ही वुगुत्साकाकू माझ्या सासऱ्यांच्या मयताला एक दिवस उशिरा आली, तेव्हा आई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "आलीस? जेवणाची वेळ बरोबर साधलीस." त्याला नऊ वर्षं झाली. चर्चमध्ये एक या टोकाच्या बाकावर बसते, दुसरी त्या टोकाच्या.

"काय म्हणाल्या?" मर्लने विचारलं.

"काही नाही. एका घरी आहे बी, पण मागायला जीव जातोय त्यांचा."

"काय सांगितलंस गं त्याला?" आईंनी दरडावलं.

"तुम्हाला मागायची लाज वाटते म्हणून."

आता आपली खैर नाही, असं मला वाटलं. आईंनी उठून डोक्याला रुमाल बांधला. "चल. त्यालाही घे. पाहुणा बरोबर असला की ती दार लावून घ्यायची नाही."

वुगुत्साकाकू अंगणात चवळीची पानं खुडत बसली होती. घराच्या कडेने कंबरेएवढी त्सिसागा शेंगांनी लगडली होती. मर्ल त्या भाजीजवळ गेला, एक पान हातात धरलं आणि तसाच उभा राहिला. मग आमच्या शेताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"हेच?"

"हेच," मी म्हटलं. खोटं बोलणं मला जमलं नाही.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला कळलंय, हे आईंना सांगावं लागलं नाही. "म्हणावं, गाय तरी खूश आहे," त्या म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. मग जावेकडे वळल्या.

"वुगुत्सा, त्या दिवशी माझी जीभ घसरली. चुकलंच माझं. मला बी हवंय."

काकू उठून आत गेली आणि कापडाची पुरचुंडी घेऊन आली. चांगली मूठभर भरलेली. आईंच्या हातात ठेवली.

"सगळंच नको देऊस. तुला खायला लागेल ना," आई म्हणाल्या.

"मला? कडूजहर आहे ही भाजी. आमच्या घरात कुणी तोंड लावत नाही तिला."

"मग दर वर्षी लावतेस कशाला?"

"म्हटलं, अक्काचं बी कधीतरी संपेल," वुगुत्साकाकू म्हणाली. "मग ती मागायला कुणाच्या दारात जाईल?"