चार दुकानांची डाळ

पातेल्यातली डाळ शिजत होती, पण सगळे दाणे एका वेळी फुटत नव्हते. काही केव्हाच विरघळले होते, काही नुसते फुगले होते आणि काही तळाशी कडक बसून होते. उमाबाईंनी पळीवर एक दाणा घेऊन दाबला. तो आज मऊ होणार नव्हता.

डाळ एका दुकानातली नव्हतीच.

जालन्याच्या बाजारात वानगी द्यायची रीत होती. गिऱ्हाइकानं भाव विचारला की दुकानदार मूठभर डाळ कागदात बांधून देई. घरी शिजवून बघा, पटली तर शेरानं न्या. त्यांचे यजमान मुकुंदराव कचेरीतल्या पेशकारीतून निवृत्त झाले, त्यात लढाईनं भाव चढले. तेव्हापासून उमाबाई चार दुकानं फिरूनच डाळ घेत. चोखंदळ म्हणून त्यांचं नावही झालं होतं. पण उन्हाळ्यात एकदा महिनाअखेरीला चारही पुड्या त्यांनी एकाच पातेल्यात सोडल्या, आणि पुढे ते अंगवळणी पडलं.

"वरण दाताखाली येतंय," जेवताना मुकुंदराव म्हणाले. "भुजंगनं जुना माल दिलेला दिसतो. पेशकारसाहेबांनी विचारलंय म्हणून सांग त्याला."

उमाबाई खाली मान घालून वाढत राहिल्या. बाहेरची खोली भाड्यानं मागायला केशव मास्तर दिवाळीपासून दोनदा येऊन गेले होते. 'यांना विचारून सांगते' म्हणून उमाबाईंनी दोनदा टाळलं होतं, आणि विचारलं एकदाही नव्हतं. त्या खोलीत बसून मुकुंदराव लोकांचे अर्ज फुकट लिहून देत. तिथंच त्यांना अजून कुणी साहेब म्हणत असे.

दुपारी त्या भुजंगच्या दुकानी गेल्या. "तुरीच्या डाळीचा भाव काय आज?"

शेजारच्या गादीवरून पुंजाराम हसला. "भुजंगा, बाई भाव विचारून राह्यल्या का सांजच्या वरणाची सोय करून राह्यल्या? काल माझ्याकडून नेली, परवा बी नेली!"

"गप रे तू!" भुजंगनं दटावलं. मग त्यानं मूठ नाही, चांगली शेरभर डाळ मोजून बांधली आणि आवाज उतरवून म्हणाला, "घेऊन जा, काकू. साहेबांनी माझ्या बापाचा अर्ज लिहून दिल्ता. म्या कुणाला बोलणार न्हाई."

पुंजारामाचं हसणं त्यांनी कसंबसं गिळलं असतं. हे गिळवेना. म्हणजे यालाही ठाऊक होतं, आणि तरी तो रोज मूठ भरून देत होता. त्यांनी पुडा मागं सारला. "नको मला," एवढंच बोलून त्या निघाल्या, त्या घर येईपर्यंत कुणाकडे न बघता चालत राहिल्या.

बाहेरच्या खोलीत मुकुंदराव अर्ज लिहीत होते. समोर खेड्यातला कचरू उकिडवा बसला होता. परक्यासमोर उमाबाई त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. आज उंबरा ओलांडून त्या आत आल्या.

"काय गं?" मुकुंदरावांनी टाक थांबवला. "काय म्हणाला भुजंग?"

"अहो," उमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला, "ही खोली केशव मास्तरांना भाड्यानं द्यायची."